हनुवटीची नोंद होत नाही

लेम्युएल गॅडस्डेनने एकदा, फक्त एकदा, उजव्या हाताचं एक बोट उचललं असतं, तर त्याच्या बहिणीला अख्खा वसंत राज्याच्या राजधानीतल्या सरकारी दप्तरखान्यात घालवावा लागला नसता. हे व्हर्डेल त्याला जाताना ऐकवायची, येताना ऐकवायची, वाटेत उकडलेल्या शेंगा घ्यायला ट्रक थांबला की तिथेही ऐकवायची. लेम्युएल शेंग सोलत "हं" म्हणायचा. त्यापेक्षा भिंत परवडली, असं तिला वाटायचं. भिंत निदान "हं" म्हणून चिडवत तरी नाही.

झालं होतं ते असं. सॉल्टर बेटाच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या काठावर, ओकच्या झाडांखाली बेटावरच्या चार-पाच घराण्यांची माणसं पुरलेली होती. त्यात या दोघांची आईही होती. आई गेली तेव्हा लेम्युएल नऊ वर्षांचा होता आणि व्हर्डेल अंगावर पीत होती. पुढे तिला चार्ल्सटनला मावशीने वाढवलं, लेम्युएल बेटावर आजीपाशी राहिला. मधल्या काळात त्या टोकाची जमीन या हातातून त्या हातात जात शेवटी पेलिकन ट्रेस नावाच्या गोल्फवाल्या कंपनीकडे गेली, आणि कंपनीला त्या ओकांखाली गाड्या लावायला जागा करायची होती. कायदा म्हणतो, दफनभूमीला हात लावायचा नाही. पण ती दफनभूमी आहे हे आधी ठरायला हवं ना! तिथे नाव कोरलेला एक दगड नाही, की कुठल्या नकाशावर खूण नाही.

जानेवारीत काउंटीचा मोजणीदार आला. भला माणूस होता, चिखलातून बूट बरबटवत आला. म्हणाला, "मिस्टर गॅडस्डेन, तुमच्या आईची कबर कुठे ती दाखवा, मी तिथे खुंटी मारतो." लेम्युएलने दोन्ही हात खिशात घातले आणि हनुवटी झाडांच्या दिशेने उचलली. "कुठे?" मोजणीदाराने विचारलं. पुन्हा हनुवटी. तो चार पावलं पुढे जाऊन म्हणाला, "इथे?" लेम्युएलने हनुवटी जरा डावीकडे नेली. व्हर्डेल शेजारी उभी राहून दातओठ खात होती, पण ती तरी काय दाखवणार? तिला ती जागा माहीत असती तर प्रश्नच नव्हता. आणि लेम्युएल काही त्या झाडांखाली पाऊल टाकायला तयार नव्हता. विनाकारण तिकडे जायचं नसतं म्हणे. मोजणीदाराने थंडीने गारठलेल्या हाताने अहवालात लिहिलं, 'कुटुंबीयांना जागा दाखवता आली नाही.'

कारण काय, तर थडग्याकडे बोट दाखवायचं नसतं. दाखवलं की बोट सडतं. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. चुकून दाखवलंच, तर शेजारी जो असेल त्याने ते बोट लगेच चावायचं, म्हणजे दोष उतरतो.

"एकाहत्तर वर्षांचा घोडा झालास," व्हर्डेल त्या दिवशी घरी येऊन कडाडली. "व्हिएतनामात जाऊन आलास. हृदयात दोन झडपा बसवून घेतल्यास. आणि बोट सडेल म्हणून घाबरतोस?"

"झडपांचं डॉक्टर बघतात," लेम्युएल म्हणाला. "बोटाचं कोण बघणार?"

बेटावर त्याला सगळे कूटा म्हणत. कूटा म्हणजे कासव. मूल टोपलीत असतानाच त्याला असं एक नाव मिळतं आणि ते जन्मभर चिकटतं. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं, असं व्हर्डेलला अनेकदा वाटे.

तर अशी ती दप्तरखान्यात जाऊन पोचली. बत्तीस वर्षं तिने शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवला होता. कुठलं जहाज कधी किनाऱ्याला लागलं, कुठली लढाई कोण हरलं, कुठल्या अध्यक्षाने कशावर सही केली, झोपेतून उठवून विचारा. एवढ्या मोठ्या देशाचा इतिहास जिच्या जिभेवर, तिला स्वतःच्या आईची सहा फूट जमीन सापडत नव्हती. याचा तिला राग येई, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटे.

दप्तरखान्यात पर्स बाहेर ठेवायची. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल तेच देणार, आणि ती कायम बोथट. एका वेळी एकच खोका. खोका बदलायचा तर चिठ्ठी भरायची आणि खोका येईपर्यंत छताकडे बघत बसायचं. तिथले अधिकारी मिस्टर व्हिटलो मऊ आवाजात बोलत, आणि तोच मऊ आवाज ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"दफनभूमी, सॉल्टर बेट," ती म्हणे.

"त्या नावाखाली काही नाही, मॅडम."

"काळ्या लोकांची दफनभूमी?"

"त्याही नावाखाली नाही."

"मग कुठल्या नावाखाली आहे?"

"ते सापडलं की कळेल," मिस्टर व्हिटलो अगदी मनापासून म्हणत. बिचाऱ्याच्या पोटात पाप नव्हतं, म्हणून तर त्याच्यावर धड ओरडताही येत नव्हतं.

मग तिने आईचा मृत्यूचा दाखला शोधायला घेतला. तीन आठवडे ती 'तिती गॅडस्डेन' शोधत होती. तिती मिळेना. बाकीच्या गॅडस्डेनांनी नुसता उच्छाद मांडला होता, पण तिती एकही नव्हती. शेवटी एका संध्याकाळी ट्रकमध्ये ती हताश होऊन म्हणाली, "आपल्या आईने बहुतेक जन्मच घेतला नव्हता. सरकारकडे तिती नावाची बाईच नाही."

"कशी असेल?" लेम्युएल म्हणाला. "तिती टोपलीतलं नाव. कागदावर ती अर्नेस्टीन."

व्हर्डेलने हातातली वही खाडकन मिटली.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आईचं नाव विचारलंस. आईला आम्ही तितीच म्हणायचो."

अर्नेस्टीन दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात सापडली. दफनाची जागा या रकान्यात कुणीतरी झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'बेटावर'. बेट साडेसात मैल लांब आहे.

राहता राहिले फोटो. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बेटावर पूल बांधायचं घाटत होतं, तेव्हा कुणी सरकारी साहेब कॅमेरा घेऊन किनारा पालथा घालून गेला होता. त्याच्या फोटोंचा खोका व्हर्डेलने तीनदा पाहिला. दलदल, खेकड्यांच्या जाळ्या, खेचर, पुन्हा दलदल. प्रत्येक फोटोखाली टंकलेली ओळ, मागे जागेचा क्रमांक. तीनदा बघून तिन्ही वेळा तिने खोका परत केला. एकूण काय, तर साहेबाला चिखलाचं भारी प्रेम होतं.

"काही नाही त्यात," शुक्रवारी ट्रकमध्ये बसत ती म्हणाली. त्या जागेबद्दल काउंटीच्या कमिटीपुढची सुनावणी पुढच्या गुरुवारी होती. "खेचर आहे. बेटावरच्या मिस्टर सायसची होडी आहे. दक्षिण टोकाला कचऱ्याचा ढीग आहे. साहेबाला कचऱ्याचा फोटो काढायला फिल्म पुरली, आणि माझ्या आईचा नाही."

लेम्युएलची शेंग तोंडाशी थांबली. "कसला ढीग?"

"कचऱ्याचा. तसं खाली लिहिलंय. फुटक्या बशा, बाटल्या, भंगार."

"बेटावर कुठला आलाय कचरा?" लेम्युएल म्हणाला. "टाकायला होतं काय कुणाकडे? बशी फुटली तर आजी ती खळीने चिकटवायची. चिकटली नाही तर कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. डबा गळायला लागला की त्याचा दिवा व्हायचा. अख्ख्या बेटाने मिळून एक टोपली कचरा कधी केला नाही, आणि ढीग म्हणे!"

"मग त्या बशा—"

लेम्युएलने शेंगांची पिशवी बाजूला ठेवली आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. "गेलेल्या माणसाने शेवटी जे वापरलं ते त्याच्यावर ठेवतात. फोडून ठेवतात. फोडलं नाही तर साखळी तुटत नाही, घरातलं आणखी कुणी मागोमाग जातं. तुला मावशीने हेही शिकवलं नाही?"

मावशीने तिला पियानो शिकवला होता. व्हर्डेल ट्रकमधून उतरली आणि साठी उलटलेली बाई जितकी पळू शकते तितकी पळाली. दाराशी रखवालदाराने काचेतूनच मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिने काचेवर थापा मारल्या, पर्स आपटली, तोंडातून चार शब्दही काढले जे चर्चमधल्या कुणी ऐकले नाहीत हे बरं. दार सोमवारीच उघडलं.

सोमवारी तिने भिंग मागून घेतलं. खाली तीच ओळ होती, 'कचऱ्याचा ढीग, किनाऱ्याजवळ'. यावेळी तिने ओळीवर हात ठेवून ती झाकली आणि फोटो पाहिला. ढीग नव्हताच तो. लांबट उंचवटे होते, एकाशेजारी एक, सगळे पूर्वेकडे तोंड केलेले. प्रत्येकावर कडेने शिंपले लावलेले. कंदील, कप, औषधाच्या बाटल्या, एक घड्याळ, आणि एका उंचवट्याच्या डोक्याशी लोखंडी पलंगाचा कठडा जमिनीत सरळ रोवलेला. कचरा असा ओळीने झोपत नाही. तीन वेळा हा फोटो तिच्या हातात आला होता आणि तीन वेळा तिने खालची ओळ वाचून आपल्या माणसांना खोक्यात पालथं घातलं होतं. मुलांना जन्मभर सांगितलं, पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानू नका. आणि स्वतः काय केलं? तिला तिथेच रडू फुटलं, आणि मिस्टर व्हिटलो धावत आले ते आधी फोटोवर थेंब पडू नये म्हणून.

तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा," ते म्हणाले.

"आता ती ओळ बदला," व्हर्डेल म्हणाली. "आणि शिक्का मारून मला नक्कल द्या."

"नक्कल आज देतो. ओळ बदलता येत नाही, मॅडम. मूळ शब्द जसेच्या तसे ठेवावे लागतात. खाली आणखी एक टीप जोडता येईल, पण त्याला समितीची मंजुरी लागते."

"समिती कधी बसते?"

"सप्टेंबरात," मिस्टर व्हिटलो म्हणाले, आणि तेवढ्यापुरती नजर चुकवून पेन्सिलींना टोक करायला लागले.

म्हणजे जो एकमेव पुरावा मिळाला, त्याच्यावरच सरकारी शिक्क्यानिशी लिहून आलं की हा पुरावा कचऱ्याचा आहे.

गुरुवारी सुनावणीला बेटावरची निम्मी माणसं आली होती. लेम्युएल मात्र शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. फोटो त्याने अजून पाहिला नव्हता आणि पाहायचा नाही असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "तिच्यावर ठेवलेल्या वस्तू आहेत त्या," तो म्हणाला होता. "त्या काय टकमक बघायच्या?"

कंपनीचे वकील मिस्टर प्रुइट गोड हसून उभे राहिले. फोटो पडद्यावर लावला होता. "गॅडस्डेन कुटुंबाबद्दल आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "फोटो त्या जागेचाच आहे, हेही आम्ही मान्य करतो. पण कागदपत्रं आम्ही लिहिलेली नाहीत. मिस गॅडस्डेन, आपण शिक्षिका होतात. खालची ओळ जरा मोठ्याने वाचता का?"

व्हर्डेल वाचणार नव्हती. पण तिने वाचलं नसतं तर दुसऱ्या कुणी वाचलं असतं. "कचऱ्याचा ढीग, किनाऱ्याजवळ," ती म्हणाली. "पण ते ज्याने लिहिलं त्याला काय कळत होतं? आमच्यात वस्तू फोडून ठेवतात. तिथे माझी आई आहे!"

"कुठे, मॅडम? दाखवता का?"

तिने पडद्याकडे पाहिलं. इतके उंचवटे, इतक्या बशा. तिला आईचा चेहराही आठवत नव्हता, मग बशी कुठून ओळखू येणार? मिस्टर प्रुइट आपल्या कागदांची चळत सारखी करू लागले.

"ताकाचा जग आहे का बघा," मागून आवाज आला. टोपी तशीच डोळ्यांवर होती. "चिनी मातीचा, पांढरा. वरच्या कडेला निळा पट्टा. कान तुटलेला, बाकी सगळा धड. डोक्याशी लोखंडी पलंग असेल."

कमिटीच्या अध्यक्षा मिसेस डिलोच चष्मा सावरत पडद्याजवळ गेल्या. फोटो मोठा करायला सांगितला. "जग तीन आहेत, मिस्टर गॅडस्डेन."

"असतील. दोन फुटलेले असतील. नीट फोडलेले."

"आणि हा एक का धड राहिला?"

लेम्युएलने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "शेवटी तिला काही गिळवत नव्हतं. त्यातून ताक पाजायचो मी. पुरून झाल्यावर आजीने तो माझ्या हातात दिला, म्हणाली, फोड. मी आपटला, तर नुसता कान गेला. आजी म्हणाली, चांगला फोड, तुकडे कर. मला नाही करवलं. तसाच ठेवला."

व्हर्डेलने भावाकडे पाहिलं. शुक्रवारपासून ट्रकमध्ये इतके मैल ती त्याला विचारत होती, काय होतं रे आईवर? आणि तो म्हणत होता, वस्तू.

"मिस्टर गॅडस्डेन," मिसेस डिलोच हळूच म्हणाल्या, "पुढे येऊन तो जग आम्हाला दाखवाल?"

लेम्युएल पुढे आला. पहिल्यांदाच त्याने पडद्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. मग त्याने हनुवटी उचलली.

टिपणं घेणारी मुलगी थांबली. "मॅडम, हे कसं लिहू?"

"मिस्टर गॅडस्डेन, हनुवटीची नोंद होत नाही. बोटाने दाखवा," मिसेस डिलोच म्हणाल्या.

त्याने हात खिशात घातले. मिस्टर प्रुइट म्हणाले, "नोंद घ्यावी की साक्षीदाराला याही वेळी—"

"लेम!" व्हर्डेल ओरडली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, सगळा साठा तोंडाशी आला होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि शब्द आत गेले. तो खरंच घाबरला होता. नऊ वर्षांच्या मुलासारखा घाबरला होता, आणि पळून जात नव्हता.

लेम्युएलने उजवा हात खिशातून काढला. तर्जनी उघडली. त्याने ती पडद्यावर, पलंगाच्या कठड्यापाशी, कान तुटलेल्या जगावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"ही तिती," तो म्हणाला. "कागदावर अर्नेस्टीन. हिच्या शेजारी, या मोकळ्या जागेत, माझी आजी, नंतर आली. पलीकडे मिस्टर सायसचं लेकरू. हा घड्याळवाला आमच्या चर्चचा डीकन मोझेस." बोट एकेका उंचवट्यावर जात राहिलं. मागच्या रांगांतून म्हाताऱ्या बायका नावं पुढे सांगायला लागल्या, कुणी रडत, कुणी 'आमेन' म्हणत. मिस्टर प्रुइट खाली बसले.

त्या दिवशी निकाल असा काही लागला नाही. कमिट्यांचा तसा निकाल कधीच लागत नाही. जमीन तपासायला जाणकार माणसं पाठवायची, आणि तोवर ओकांखाली कुणी फावडं टेकवायचं नाही, एवढं ठरलं. पण निघताना व्हर्डेलने त्या मुलीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तिने लिहिलं होतं, 'कुटुंबीयांनी जागा दाखवली.' व्हर्डेलने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

लेम्युएल ट्रकमध्ये स्टिअरिंगपाशी बसला होता, पण त्याने ट्रक सुरू केला नव्हता. उजवी तर्जनी इतर बोटांपासून दूर, ताठ धरली होती, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी. तो त्या बोटाकडे बघत नव्हता.

"चल की," व्हर्डेल म्हणाली.

"हं," तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

तिने बत्तीस वर्षं मुलांच्या डोक्यातून अशी खुळं काढली होती. तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. कमिटीची माणसं पायऱ्यांवर उभी राहून हात मिळवत होती. पाहिलं तर पाहू देत.

"आण इकडे," ती खेकसली.

"काय?"

"बोट, बोट! आण म्हणते ना!"

तिने त्याचा हात ओढला, ती तर्जनी तोंडात घातली आणि कचकन चावली.

"आई गं!" लेम्युएल किंचाळला. "मेलो! इतक्या जोरात चावतात का?"

"एका चाव्यात जानेवारीपासूनचं सगळं आलंय," व्हर्डेल बाहीला तोंड पुसत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हलव आता ट्रक."